'शून्य उंची'बद्दल वाचकांची मतं

फिटरसाहेबांच्या कादंबरीवर पहिलं मत आलं ते एका दंतवैद्याचं. "तीनदा वाचली, काहीही कळलं नाही, या वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक," असं त्याने प्रकाशकाला कळवलं होतं. फिटरसाहेबांनी ते आधी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, आणि बायकोला विचारलं, "ही स्तुती आहे की शिवी?"

"दातवाला आहे ना? दुखवून बरं करायची सवय असणार," बायको म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

फिटरसाहेब काही जातिवंत लेखक नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी हवाईदलात लढाऊ विमानांचे नटबोल्ट आवळले. स्वतः कधी विमान उडवलं नाही, पण आपल्या सहीशिवाय तळावरचं एकही विमान उडालं नाही हे ते भेटेल त्याला ऐकवत. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून त्यांनी ही कादंबरी लिहिली. पन्नास वर्षांनंतरचं आकाशातलं युद्ध. विमानांत माणूसच नाही. शंभर विमानांचा थवा, आणि तो थवा जमिनीखालच्या खोलीत खुर्चीवर बसून चालवणारा एक तरुण. त्याच्या डोक्यावर एक म्हातारा इंजिनिअर, जुन्या विमानांत हात काळे केलेला आणि तोंडाने फटकळ. सुरुवातीलाच म्हातारा त्या पोराला म्हणतो, "खुर्चीत बसून लढणाऱ्याला मी माणसात धरत नाही. तू माझा कोणी नाहीस." आणि अगदी शेवटी, उरलेलं एकुलतं एक विमान जमिनीला टेकतं तेव्हा, तो जिने उतरून त्या खोलीत जातो आणि म्हणतो, "मी चुकलो."

म्हातारा कोण आणि पोरगा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. फिटरसाहेबांचा एकुलता एक मुलगा आधी खरी विमानं उडवायचा. पाच वर्षांपूर्वी बिनमाणसाची विमानं चालवायच्या कामावर त्याची निवड झाली. ती बातमी घेऊन तो हौसेने घरी आला आणि जेवता जेवता फिटरसाहेबांनी त्याला नेमकं तेच वाक्य ऐकवलं. पोरगा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून तो आईला फोन करायचा, तोही बाबा घरात नसतील अशी वेळ साधून.

"मी चुकलो" हे दोन शब्द काही केल्या तोंडातून निघेनात, म्हणून या गृहस्थांनी तीनशे पानं लिहिली. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, "अहो, फोन करा. कागद वाचेल." पण ऐकतील ते फिटरसाहेब कसले! पुस्तक छापून आल्यावर मुलाला पाठवायच्या प्रतीवर काय लिहावं हेही सुचेना. तासभर पेन हातात धरून बसले आणि शेवटी प्रकाशकालाच म्हणाले, तुम्हीच परस्पर कुरिअर करा.

आठवड्याभराने बायकोच्या फोनवर मुलाचा निरोप आला: "बाबांचं पुस्तक वाचलं. शेवट कळला."

फिटरसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. "शेवट कळला म्हणतोय! बघितलंस?" त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली, उगाचच. पण पुढे तीन आठवडे गेले तरी मुलाचा ना फोन, ना पत्ता. शेवट कळला, तर मग गप्प का? आणि कळला नाही, तर कळला असं का लिहिलं? फिटरसाहेब विचार करकरून थकले.

त्यात ही मतं येऊ लागली. गणिताच्या एक बाई लिहितात, मेलेला कमांडर पुढच्याच प्रकरणात चहा पितो, ही काळाची उलटापालट लाजवाब. फिटरसाहेब म्हणाले, कसली उलटापालट? मेला तो मेला, मी त्याला रीतसर मारलाय. एका निवृत्त वैमानिकाने लिहिलं, इंधन संपलेलं विमान उतरतं आणि लगेच थव्याच्या पुढे उडतं, हवाईदलात हयात काढलेल्या माणसाला हे शोभत नाही. हे वाचून फिटरसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. इंधनाच्या बाबतीत त्यांना बोल लावणारा अजून जन्माला यायचा होता. तिसऱ्या एकाने कळवलं, वाक्यं मध्येच तुटतात आणि नंतर भलतंच वाक्य सुरू होतं, शत्रू रेडिओलहरी कशा अडवतो याचा असा अनुभव कुठल्याच पुस्तकाने दिला नव्हता.

"माझं एकही वाक्य तुटलेलं नाही," फिटरसाहेब ओरडले. त्यांनी आपली प्रत काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बायकोला वाचून दाखवली. दोन दिवस लागले. सगळं जिथल्या तिथे होतं. ऐकता ऐकता बायकोच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. पंधरा माणसं एक सांगतात आणि हे दुसरंच सांगतात. यांच्या मामांचंही असंच विसरण्यापासून सुरू झालं होतं. तिने गुपचूप डॉक्टरांची वेळ घेतली.

फिटरसाहेबांना सुगावा लागलाच. त्या रात्री त्यांना भीती वाटली. आपण लिहिलं एक आणि समजतोय दुसरंच, असं तर नसेल? मुलाला पाठवलं त्यात आपण नक्की काय लिहिलंय?

मग ग्रंथालयात वाचकांची बैठक ठरली. वरच्या मजल्यावरची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारा पंखा आणि वीसेक वाचक. फिटरसाहेब कडक कॉलरचा सदरा घालून गेले. सोबत बायको, हाताशी लागेल इतक्या अंतरावर. वाचकांचं एकमेकांशी इतकं पटत होतं की विचारू नका. पटत नव्हतं ते फक्त लेखकाशी.

"म्हाताऱ्याचं पात्र सगळ्यात जमलंय," गणिताच्या बाई म्हणाल्या. "इतका निर्दय शेवट करायला धाडस लागतं."

"निर्दय?" फिटरसाहेब म्हणाले. "अहो, शेवटी तो माफी मागतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आजाऱ्याच्या खोलीत बघतात तसे.

"माफी तो सुरुवातीलाच मागतो," बाई लहान मुलाला समजावावं तशा म्हणाल्या. "आणि मग त्याचं मन फिरतं. शेवटी त्या पोराला तोडून टाकतो. तीच तर खरी गोम आहे."

"लेखकालाच आठवत नसेल तर आम्ही कुणाला विचारायचं?" निवृत्त वैमानिक म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. बायकोने फिटरसाहेबांचं कोपर धरलं.

"तुमची प्रत द्या," फिटरसाहेब बाईंना म्हणाले.

त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथे त्यांचंच वाक्य होतं, त्यांच्याच शब्दांत: "तू माझा कोणी नाहीस." त्यापुढे कोरा कागद, मग पुठ्ठा. त्यांनी भराभर पानं उलटली. माफी पुढे होती, पहिल्या सोळा पानांच्या पाठोपाठ. मेलेला कमांडर आधी मरत होता आणि नंतर चहा पीत होता. फिटरसाहेबांना आधी हसूच फुटलं. डोकं ठिकाणावर होतं! बिघाड त्यांच्यात नव्हता, पुस्तकात होता. त्यांनी प्रत बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "डॉक्टरांना नको म्हणून कळव." पण जिना उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीवर ते थांबले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मुलाने शेवट कळला असं लिहिलं होतं. कुठला शेवट?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाइंडरीत गेली. लांबट पत्र्याची शेड, सरसाचा वास, कटिंग मशीनचा धाडधाड आवाज. लांब टेबलावर छापील कागदांचे फर्मे रांगेने मांडलेले, म्हणजे सोळा सोळा पानांच्या घड्या. त्या टेबलाच्या बाजूने बायका चालत होत्या, प्रत्येक ढिगातली एकेक घडी उचलून एकावर एक ठेवत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी मुकादमबाई म्हणजे करारी काम. फिटरसाहेबांनी प्रत पुढे केल्यावर तिने ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मग? बरोबरच आहे की."

"बरोबर? शेवट पुढे आणि सुरुवात मागे लावलीत तुम्ही!"

"आकडे बघा," ती म्हणाली. "आम्ही काय गोष्ट वाचून लावतो का? आम्ही आकडा बघून लावतो."

आता या आकड्यांची भानगड अशी. पानांना साधे क्रमांक देणं फिटरसाहेबांना पटलं नव्हतं. पुस्तक उद्याच्या युद्धाचं, त्याला एक, दोन, तीन काय? त्यांनी प्रत्येक पानाखाली त्या वेळी विमान किती मीटर उंचीवर आहे तो आकडा छापायला लावला होता. सुरुवातीच्या भांडणाच्या वेळी थवा अठरा हजारांवर, मग खाली, मग वर, आणि शेवटी शून्य. या कल्पनेवर ते इतके खूश होते की मुद्रकाने फर्म्यांच्या घडीवर टाकायच्या बारीक खुणाही त्यांनी काढायला लावल्या. पानावर माझ्या आकड्याशिवाय दुसरा आकडा दिसता कामा नये, असं बजावून सांगितलं होतं.

"पहिला फर्मा नाव होतं म्हणून कळला," मुकादमबाई म्हणाली. "बाकीचे वरखाली. सहा हजार, मग दोन हजार, मग चौदा. मी म्हटलं छापताना गोंधळ घातलाय यांनी. दोन दिवस खपून आम्ही सगळं चढत्या क्रमाने लावून घेतलं. विमानाचं पुस्तक, वर वरच जाणार ना? आणि तुम्हाला फोनही केला होता. तुम्ही म्हणालात, माझ्या आकड्यांना हात लावायचा नाही. आम्ही लावला का हात?"

फिटरसाहेबांना फोन आठवला. चांगलाच आठवला. ते तेव्हा बरंच काही बोलले होते.

"मला मिळालेल्या दहा प्रती मात्र नीट आहेत," ते म्हणाले.

"त्या मुद्रकाने नमुना म्हणून घरी बांधल्या. आमच्या नाहीत."

"आणि एक प्रत प्रकाशकाकडून कुरिअरने गेली. ती?"

"गठ्ठ्यातली असणार," मुकादमबाई म्हणाली. "दुसरी कुठून येणार?"

कागदाच्या एका गठ्ठ्यावर फिटरसाहेब मटकन बसले. म्हणजे पोराने आधी माफी वाचली. त्याला बरं वाटलं असेल, कदाचित आईला फोन करावासाही वाटला असेल. आणि मग तो पुढे वाचत गेला, अडीचशे पानं, आणि शेवटी बापाने त्याला पुन्हा एकदा घराबाहेर काढलं. या वेळी छापून. एकदा तोंडातून गेलं होतं ते रागाच्या भरात गेलं होतं. हे मात्र चार वर्षं विचार करून लिहिल्यासारखं दिसत होतं. त्यांना रडू आवरेना, आणि आवरावं असंही वाटेना.

तेवढ्यात प्रकाशकाचाच फोन आला. झालेला प्रकार त्याच्या कानावर गेला होता आणि तो भलताच खुशीत होता. "काही बदलू नका! लोकांना हेच आवडतंय. दुसरी आवृत्ती अशीच बांधू." फिटरसाहेब म्हणाले, "तुम्हाला हवी तशी बांधा," आणि फोन ठेवला. प्रकाशकाला वाटलं लेखकाला पटलं.

मग त्यांनी बायकोचा फोन मागितला. आपल्या फोनवरून मुलगा उचलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ती दोघं शेडच्या बाहेर आली, जिथे कापलेल्या कागदाच्या पट्ट्या पोत्यांत भरून ठेवल्या होत्या.

"हां आई, बोल," मुलगा म्हणाला.

"मी आहे."

मुलाने फोन ठेवला नाही.

फिटरसाहेबांनी सांगायला सुरुवात केली. फर्मे, उंची, चढता क्रम, मुद्रकाच्या खुणा, दहा प्रती. आधीच गोंधळाची गोष्ट, त्यात सांगणारा घाबरलेला. मध्येच मशीन धाडकन आपटायचं आणि एखादा शब्द बुडायचा. मुलाने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे शेवटचं पान शेवटचं नाही?"

"नाही. शेवटचं तू आधी वाचलंस. थांब, माझी प्रत आहे, वाचून दाखवतो." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा चढवला. "म्हातारा जिना उतरून खोलीत आला आणि..."

"ते पान मला पाठ आहे बाबा," मुलगा म्हणाला. "पण मला काय कळणार? तुम्ही म्हणता बाइंडिंग चुकलं. लोक म्हणतात लेखकाला हेच म्हणायचं होतं. दोन्ही वाक्यं तुमचीच आहेत. मी कुठलं धरू?"

फिटरसाहेबांनी पुस्तक मिटलं. उत्तर पुस्तकात नव्हतं, कुठल्याही क्रमाने लावलं तरी.

"मी चुकलो," ते म्हणाले. "म्हातारा नाही. मी. तू घरी आलास, किती आनंदात होतास, आणि मी तुला तसं बोललो. मी चुकलो रे."

मग मुलाने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहानपणीसारखा बारीक झाला होता, "हे आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं. याच्या पुढे काही नाही."

"आईला द्या," मुलगा म्हणाला.

फिटरसाहेबांनी फोन दिला. बायको ऐकत राहिली. तिने एकदा हूं म्हटलं, एकदा बरं म्हटलं, आणि पदर डोळ्यांना लावला. तो का लावला हे फिटरसाहेबांना काही केल्या कळेना. ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, मिटलेलं पुस्तक छातीशी धरून. मग तिने पाठ फिरवली, दुसऱ्या कानावर हात धरला आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "अरे पण राहणार किती दिवस?"