नेमका राग

मी रागीट आहे. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही, उंची सांगावी तसं सांगते. शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण हिला दम धरवत नाही.' तो शेरा वाचायला आईने जरा वेळ लावला, तर मी तिच्यावरही चिडले होते. या रागाला पुढे कुणी खुर्ची-टेबल देऊन ऑफिसात बसवील, असं मला कुणी सांगितलं असतं ना, तर त्यालाही मी दोन शब्द सुनावले असते.

राहते भावाकडे. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. माणसं वाईट नाहीत हो. पण त्या घरात मी काही बोलले की ते बोलणं कुठेतरी रांगेत जाऊन बसतं, आणि रांग काही पुढे सरकत नाही. माझ्या खोलीतला पंखा बंद पडला. दादाला सांगितलं, तो 'बघतो' म्हणाला. दोन उन्हाळे गेले. वहिनीला काही विचारावं तर ती फोनवरून नजर न हलवता 'हं' करते, आणि त्या 'हं'चा अर्थ तिलाही ठाऊक नसतो. भाचा लहान होता तेव्हा 'आत्या, आत्या' करत दिवसभर माझ्या मागे फिरायचा. आता त्याच्या दारात उभं राहून तीन हाका माराव्या, तेव्हा चौथीला मान हलते. मला त्याचं फार लागतं. बाकीच्यांचं नाही लागत एवढं.

हा भाचा कॉम्प्युटरच्या आतलं घर चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याचं काम मला एकदाच समजलं आणि ते मी स्वयंपाकघरातून समजून घेतलं. शेगडी एक आणि पातेली आठ. कुठलं पातेलं कधी चढवायचं, किती वेळ ठेवायचं, कधी उतरवायचं, हे ठरवणारा आत एक जण बसलेला असतो. त्याला म्हणायचं शेड्यूलर. मोठं, जड काम खुशाल मंद आचेवर तासभर राहू द्यावं, पण दूध वर आलं की सगळं सोडून तिथे धावायचं. माणसाने माउस हलवला, बटण दाबलं, की ते वर आलेलं दूध. तिथे उशीर झाला की स्क्रीन अडखळते आणि माणूस चिडतो. भाच्याने दोन वर्षं खपून हा धावण्याचा नियम नव्याने लिहिला होता.

अडचण अशी की आकडे उत्तम येत होते आणि लोक नाराज होते. वापरून बघणारे म्हणायचे, 'अडकल्यासारखं वाटतं.' आता हे 'वाटतं' कुठे मोजायचं? ऑफिसात त्याच्या वरिष्ठ ज्या बाई होत्या, त्यांचा आलेखाशिवाय कशावरही विश्वास नव्हता. आकाशात ढग आले तरी त्या आधी आलेख मागतील. मी मनातल्या मनात त्यांना आलेखबाई म्हणायचे.

एका रविवारी भाचा त्याचा कॉम्प्युटर माझ्या खोलीत घेऊन आला, कारण मोठं टेबल माझ्याकडे. मागे कसलंसं जड काम लावून ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, तू पत्ते खेळत बस." मी बसले. तिसऱ्या पानाला माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अडकलं!"

"काही अडकलं नाहीये गं."

"मला शिकवू नकोस. बदामची राणी उचलली आणि ती मेली हातात राहिली."

त्याने नोंदी काढून बघितल्या आणि खुर्चीवरून उठलाच. पंचवीस मिलिसेकंद. सेकंदाचे हजार तुकडे करायचे, त्यातले पंचवीस. त्याच्या ऑफिसात सोळा माणसं त्या राणीला हात लावून गेली होती, एकालाही कळलं नव्हतं. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी माझा भाचा माझ्याकडे बघत मी काय बोलते ते ऐकत होता. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी दोनदा चिडले.

आठवडाभरात मी ऑफिसात. आलेखबाईंनी माझं नाव माणसांच्या यादीत न घालता उपकरणांच्या यादीत घातलं, कारण माणूस नेमायला वरून परवानगी लागत होती. माझ्या पर्सवर नंबरची चिठ्ठी चिकटवली. 'कोरड्या व थंड जागी ठेवावे' असं माझ्या नावापुढे लिहिलं होतं, त्यामुळे मला खिडकीजवळची जागा मिळाली. दाढीवाला म्हणून एक भला माणूस होता, तो स्टॉपवॉच घेऊन माझ्या शेजारी बसायचा. मी 'अडकलं' म्हटलं की तो वेळ टिपायचा आणि भाचा आत जाऊन बघायचा, की त्या क्षणी कोण कुणाची पाळी खाऊन बसलं होतं. एकदा गाणी वाजवणारा प्रोग्राम सापडला. एकदा घड्याळाचा काटा हलवणारं एक टीचभर काम, ज्याच्यावर कुणाला संशयही आला नसता.

माझी तब्येत बिघडली तर हाताशी असावं म्हणून त्यांनी एक दुसरं उपकरणही आणून बघितलं. जवळच राहणारे एक निवृत्त मास्तर, भयंकर तापट. पण ते दारावर चिडले, खुर्चीवर चिडले, पाण्याच्या पेल्यावर चिडले. त्यांचा राग सरसकट होता. माझा नेमका होता. त्यांना हार घालून परत पाठवलं.

आणि मग काय सांगू, माझे लाड सुरू झाले. मी 'अं' म्हटलं की अकरा माना वर. 'पाणी' म्हणायच्या आत पाणी. खिडकीचा पडदा जरासा सरकवा म्हटलं तर तिघं उठायचे आणि एकमेकांवर आपटायचे. भाचा तर धावत यायचा, "काय झालं आत्या? काय वाटलं? नीट सांग." नीट सांग! दादाने, वहिनीने, माझ्या नवऱ्यानेसुद्धा, देव त्याचं भलं करो, मला आयुष्यात कधी 'नीट सांग' म्हटलं नव्हतं. मी गुणगुणायला लागले. मला दुपारची गाढ झोप लागायला लागली.

इथेच सगळा घात झाला.

प्रत्येक चाचणीत आलेखबाई गुपचूप एक खोटा अडथळा घालून ठेवायच्या, चांगला अर्ध्या सेकंदाचा. उपकरण ठीक आहे ना, हे बघायला. मी तो पकडला तर चाचणी खरी, नाहीतर रद्द. तिसऱ्या आठवड्यात पत्ता माझ्या हातात अडकला, अर्धा सेकंद अडकून राहिला, दाढीवाल्याने श्वास रोखला, आणि मी म्हणाले, "होईल हो. काय घाई आहे त्याला."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दाढीवाल्याच्या हातून स्टॉपवॉच पडलं. भाचा भिंतीला टेकून खालीच बसला. महिनाअखेरीला कंपनी एकच बदल घेणार होती, याचा तरी किंवा असाच नियम लिहिणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या टोळीचा तरी. भाच्याची दोन वर्षं आता माझ्या रागावर लटकली होती, आणि राग तर कुठे सापडेना. मी मनापासून प्रयत्न केला. पंखा आठवला. वहिनीचं 'हं' आठवलं. तर वहिनीची दयाच आली मला, बिचारीची मान दुखत असेल!

आलेखबाईंनी दहा मिनिटांत कारण शोधलं. एक रेघ माझ्या रागाची, खाली उतरणारी. दुसरी रेघ मला मिळणाऱ्या उत्तरांची, वर चढणारी. दोन्ही रेघा एकमेकींना कापून गेल्या होत्या. संध्याकाळी माझ्या खुर्चीच्या मागेच नोटीस लागली: 'महिनाअखेरपर्यंत आत्यांच्या कोणत्याही बोलण्याला कोणीही उत्तर देऊ नये. त्यांची काळजी घ्यावी, परंतु त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. हा नियम घरीही लागू राहील.' खाली सगळ्यांच्या सह्या. मलाही पेन दिलं. मी सही केली. पोराच्या दोन वर्षांपुढे माझ्या 'नीट सांग'ची काय किंमत?

घरी काही बदलावंच लागलं नाही. तिथली माणसं आधीपासूनच नियमात बसत होती.

ऑफिसात मात्र पहिल्या दिवशी गंमत वाटली. मी पाणी मागितलं, तर दाढीवाला छताकडे बघत बसला आणि त्याच्या कपाळावर घाम. दुसऱ्या दिवशी गंमत गेली. तिसऱ्या दिवशी मी पडद्याबद्दल बोलले, खोकल्याबद्दल बोलले, खिडकीबाहेरच्या मांजरीबद्दल बोलले, आणि अकरा माना खाली त्या खालीच. आणि भाचा! मी हाक मारली की त्याचे कान लाल व्हायचे. म्हणजे ऐकू गेलेलं असायचं. ऐकू न येणं मला सवयीचं होतं हो. ऐकू येऊन गप्प बसणं नवीन होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहायला लागली. पंचवीस सोडा, मला नऊ मिलिसेकंद कळायला लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सहा आणि सातच्या मध्ये रेंगाळतो, हे मी शपथेवर सांगायला तयार होते. आलेखबाई पहिल्यांदाच हसल्या. मी बरी झाले होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या चाचणीला दुपारी तीन कॉम्प्युटर मांडले. एकात जुनी पद्धत, एकात दुसऱ्या मजल्याची, एकात भाच्याची. कुठल्यात कुठली, ते फक्त आलेखबाईंना माहीत. प्रत्येकावर मी दहा मिनिटं पत्ते खेळायचे. दुसऱ्या मजल्याची टोळीही येऊन भिंतीशी उभी राहिली.

पहिल्यावर मी एकेचाळीस वेळा 'अडकलं' म्हटलं आणि माउस आपटला. दुसऱ्यावर सतरा वेळा. दोन्हींतले खोटे अडथळे चुटकीसरशी पकडले. तिसऱ्यावर बसले आणि काय सांगू, पान बोटाला चिकटल्यासारखं यायचं. उचललं की उचललेलं, टाकलं की पडलेलं. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली, एकदाही नाही. मी इतकी पेटलेली असूनही त्याच्यात चिडायला जागा सापडेना. दुसऱ्या मजल्याच्या लोकांचे चेहरे उतरले. मला कळलं, हे माझ्या पोराचं आहे.

म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. एवढीच चूक केली. तो दाराशी उभा होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली, ओठ सुकलेले, गालाची हाडं वर आलेली. इतके दिवस मी रागावण्यात इतकी गर्क होते, की हा असा झालाय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का रे?"

नियम नियम होता. त्याचे कान लाल झाले. दाढीवाल्याने सवयीने स्टॉपवॉच दाबलं. आलेखबाईंनी भाच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि मला खुणेने सांगितलं, खेळत राहा. मी खेळत राहिले. एक पान, दोन पानं. मला आतून ते सगळे क्षण मोजता येत होते, एकेक, आणि एवढं मला कधीच काही दुखलं नव्हतं.

एकवीस सेकंद. दाढीवाल्याने नंतर सांगितलं.

"नाही गं आत्या," भाचा म्हणाला. "सकाळपासून काहीच नाही. कालही धड नाही. माझी छाती धडधडतेय सारखी."

"मग आधी सांगायचं नाही का, गाढवा!"

"कसं सांगणार?" तो म्हणाला.

झालं. राग गेला. कुठे गेला विचारू नका, भरल्या घरातून दिवे जावेत तसा एका झटक्यात गेला. मी पत्ते खेळत होते, पण मला दिसत होतं फक्त त्याचं तोंड. सहाव्या मिनिटाला आलेखबाईंचा खोटा अडथळा येऊन गेला म्हणे. अर्धा नाही, चांगला पाऊण सेकंद होता. मला काय पत्ता!

दहा मिनिटं झाली. "तिसऱ्यात किती वेळा?" आलेखबाईंनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण खोटा अडथळा कुठे होता, हेच मला ठाऊक नव्हतं. "मला नाही कळलं," मी म्हटलं. "छान वाटलं मला."

"'छान' हे माप नाही," आलेखबाई म्हणाल्या, पण हळू आवाजात. त्यांनी चाचणी रद्द लिहिली, त्याखाली लिहिलं 'उपकरण नादुरुस्त', आणि माझ्या पर्सवरची चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढली. दुसऱ्या मजल्याचा, सतरा वेळा अडकणारा बदल मंजूर झाला. आता जगात जो तो त्याच्यावर माउस आपटत असेल.

जिन्यावरून उतरताना मला रडू फुटलं. "दोन वर्षं रे तुझी," मी म्हटलं. "एकवीस सेकंद गप्प राहिला होतास, अजून पाच मिनिटं राहिला असतास तर?"

त्याने माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली. "तू विचारत होतीस ना," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या खानावळीत आम्ही बसलो. गर्दी होती. दोनदा बोलावल्यावर वाढपी आला आणि टेबल पुसता पुसता म्हणाला, चूल आत्ताच पेटवली आहे, अर्धा तास तरी लागेल, चालेल का. भाच्याने घाबरून माझ्याकडे बघितलं.

"लागू दे," मी म्हटलं.