उंच तोटीची पाणपोई

सगळ्यात आधी माझ्या अंगावर एक लाल फुली आली. बोटभर रुंद, अजून ओली. मला वाटलं, रंगकामाला सुरुवात झाली.

मी शिळफाट्यावरची पाणपोई. तीस वर्षं या नाक्यावर उभी आहे, तरी ट्रकचा हॉर्न वाजला की अजून दचकते. चौकाचं नूतनीकरण होणार, नवं गटार, नवा फुटपाथ, असा फलक लागला तेव्हा सर्वांत जास्त मीच हरखले. पायाशी शेवाळ, एक तोटी गळकी; मलाही नवं व्हायचं होतं! कामाचा नारळ माझ्याच कट्ट्यावर फुटला, पाणी अंगावर उडालं. आपल्याच नावाचा नारळ, असं समजून बसले. वेडी!

मला बांधलं कोंडाजी गवंड्याने. दोन तोट्या नेहमीसारख्या खाली आणि तिसरी पार छातीच्या उंचीवर. लोक हसले. "कोंडाजी, ही काय उंटासाठी रं?"

"डोईवर भारा आसला की बाईला वाकता येत नाय," तो म्हणाला. "आन् उतरवला तर परत चढवायला कोन येतंय?"

तेव्हापासून वाडीवरची ठकी एक हात मोळीला लावते, दुसऱ्या हाताचा पसा उंच तोटीखाली धरते आणि उभ्या उभ्या पिते. तिचं पिणं बघितलं की मला माझं असणं पटतं.

कोंडाजी गेला. त्याचा मुलगा जगदीश आता याच कामावर मुकादम आहे. माझंच पाणी पिऊन मोठा झालेला. म्हणून मी निर्धास्त होते. परवा पाहणीला आलेल्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, "ही तोटी एवढ्या वर? कोण येडा गवंडी होता?"

मला वाटलं, आता हा म्हणेल, माझा बाप.

जगदीश हसला. "पूर्वीची लोकं, साहेब. कायपन करायची." आणि त्याने फुलीवरून पुन्हा एकदा कुंचला फिरवला. तेव्हा मला फुलीचा अर्थ कळला.

काल पाणी तोडलं. आज ठकीने मोळीखालूनच हात घातला, तोटी फिरवली. माझ्या घशातून नुसती हवा घरघरली.

"आगं बाय, हिचा तर जीव चाललाय!" ठकी कळवळली. शेजारी तेजश्री जीपची वाट बघत होती, कॉलेजची बॅग पोटाशी धरून. रोज माझ्याकडूनच बाटली भरते. ठकी तिला म्हणाली, "पोरी, फलकावर नंबर हाय ना? लाव की."

"मी? ओरडले तर, मावशी?"

"खातील का तुला?"

तिने माझ्यावरच्या फुलीकडे बघत नंबर लावला. रस्त्यापलीकडे, जेसीबीच्या सावलीत, जगदीशचा फोन वाजला. त्याने अनोळखी नंबर बघून खिशात टाकला. तिने परत लावला. परत.

मला पाडायचं तर पाडा. जुनी झालेय, हट्ट नाही. पण नव्या चौकात कुठेतरी एक तोटी उंच ठेवा. एवढंच मला सांगायचं होतं, आणि मला तर घरघरण्यापलीकडे काही येत नाही.

चौथ्यांदा त्याने उचलला.

"हॅलो... काका, शिळफाट्यावरची ती पाणपोई... उंच तोटीची... ती नका ना पाडू."

जगदीशने मान वर केली. वाहनांच्या फटीतून त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी थेट, त्या तिसऱ्या तोटीकडे.

"कोनती पाणपोई, मॅडम?"