फरीदाची शब्दवही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, रद्दी म्हणा, मी रागावणार नाही. रागावायची माझी वेळ अडीच वर्षांपूर्वीच निघून गेली. मी दोनशे पानांची, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. इंग्रजी साहित्य शिकताना लागणारे शब्द माझ्यात लिहिलेले आहेत. आज तिसगावात एका शिक्षकाच्या पत्र्याच्या पेटीत मी तळाशी पडून आहे.

माझा जन्म एकोणीसशे सत्तर साली नगरला, फक्रुद्दीन बाइंडरच्या दुकानात झाला. छापखान्यातून उरलेले कागद त्याने जुळवले, दोऱ्याने शिवले, खळ लावली आणि दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवले. मग कडेला एपासून झेडपर्यंत अक्षरांच्या पायऱ्या कापल्या, पेढीवरच्या खतावणीला कापतात तशा. "घे बेटा," तो भाचीला म्हणाला, "पानं संपतील, पन शिवन उसवायची न्हाई."

ही भाची म्हणजे फरीदा. तिसगावच्या नूरमहंमद शिंप्याची मुलगी, मामाकडे राहून बी.ए.ला शिकत होती. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. शेवगावच्या चुलत्यांनी तिच्या बापाला बजावले होते की परीक्षा एकदाच. नापास झाली तर लग्न उरकून टाक. पास झाली तर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला घेऊ, असा शब्द हेडमास्तरांनी दिला होता. तेवढी एकच वाट तिच्यासाठी उघडी होती.

वर्गात सर व्याख्या सांगत आणि मुले त्या उतरवून घेऊन घोकत. फरीदाला घोकणे जमत नसे. प्रत्येक शब्दाखाली ती तारीख घाली, आपल्या गावातले एक उदाहरण इंग्रजीत लिही आणि खाली मराठीत अर्थ देई. सॉलिलोक्वी म्हणजे नाटकातले स्वगत. तिथे शेजारची गोजरबाई आली, चुलीपुढे एकटीच बसून मेलेल्या नवऱ्याशी भांडणारी. आयरनी म्हणजे अपेक्षेच्या नेमके उलटे घडणे. तिथे तिने लिहिले, "आमच्या तिसगावात माझे वडील शिंपी आहेत. ईदला ते साऱ्या गावाचे नवे कपडे शिवतात आणि ईदच्या सकाळी स्वतः ठिगळाचा सदरा घालतात." मला त्या पानाचा फार अभिमान वाटे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मच्छिंद्र दुकानात आला. तिसगावचाच, तिच्याच वर्गातला. कॉलेजात मुले मुलींशी बोलत नसत, म्हणून तो मामाशी बोलला.

"मामू, चार दिस फरीदाची वही द्या. जशी हाय तशी आनून देतो."

"द्या मामू," फरीदा आतून म्हणाली. "गावचाच हाय."

चार दिवस उलटले, परीक्षाही होऊन गेली, तरी मी मच्छिंद्रच्या वसतिगृहातच. परीक्षेआधी माझ्यावरून एकाने उतरवले, त्याच्यावरून दुसऱ्याने. पण मला वाचले कोणीच नाही. घोकायची सवय अशी अंगात भिनलेली की व्याख्येखालचे उदाहरणही पोरांनी व्याख्या समजूनच पाठ केले. अकोले तालुक्याच्या डोंगरातला भिमाजी, ज्याचा बाप भात लावायचा, तोही डोळे मिटून म्हणू लागला, "आमच्या तिसगावात माझे वडील शिंपी आहेत." मला तेव्हा हसू आले. त्या हसण्याची आता शरम वाटते.

परीक्षेत आयरनीवर टीप आली. एकतीस उत्तरपत्रिकांत तोच शिंपी, तीच ईद, तेच ठिगळ. सगळ्यांचे निकाल रोखले गेले आणि कॉलेजात चौकशी बसली. फरीदा म्हणाली, तो शिंपी माझा बाप आहे आणि ते वाक्य माझे आहे. चौकशीच्या साहेबांनी तिला सांगितले की वही दाखवा, ती तुमची ठरली तर तुम्हाला सोडू. तिने मच्छिंद्रचे नाव सांगितले. हे सारे मला खोलीतल्या कुजबुजीतून कळत होते.

वही वाटणाऱ्याला कॉलेजातून कायमचे काढणार, असेही पोरे बोलत होती. मच्छिंद्र चौकशीला जाऊन आला आणि खाटेवर बसला.

"म्या न्हाई म्हनून आलो," तो भिमाजीला म्हणाला. "वही बघितलीच न्हाई म्हनलं."

भिमाजीने मान खाली घातली. त्याच खाटेवर, गादीखाली, मी होते मित्रांनो. पानापानावर तिचे अक्षर आणि तारीख घेऊन मी तिथे पडले होते, आणि मला ना तोंड होते ना पाय.

एकतीसही निकाल रद्द झाले. तीस मुले पुढल्या वर्षी पुन्हा बसली. फरीदाचे लग्न दिवाळीच्या आत शेवगावला लागले. मच्छिंद्र पास झाला आणि तिसगावच्या शाळेतली ती जागा त्याला मिळाली. पहिल्या पानावरच्या तिच्या नावावर त्याने कागद चिकटवला आणि माझ्यावरूनच तो शिकवू लागला.

यंदा ईदला फरीदा माहेरी आली होती. कडेवर मूल घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली.

"माझी वही तुज्याकडंच हुती ना?"

मच्छिंद्रने मला आणले. चिकटवलेला कागद तो घाईने खरवडू लागला, तर त्याच्याबरोबर नावही निघून आले.

"चुकलो मी," तो म्हणाला. "घिऊन जा."

तिने मला हातात घेतले. अक्षरांच्या पायऱ्यांवरून अंगठा फिरवला. आता उघडेल, आता उघडेल, म्हणून मी वाट पाहत होते.

"तवा एकदा व्हय म्हनला असतास तर झालं असतं," ती म्हणाली. "आता हिचं मी काय करू?"

तिने मला उंबऱ्यावर ठेवले, मूल दुसऱ्या कडेवर घेतले आणि ती गेली. त्या दिवसापासून मच्छिंद्रनेही मला उघडलेले नाही.

मित्रांनो, मला या पेटीतून काढा असे मी म्हणणार नाही. माझ्यासाठी करण्यासारखे आता काही उरलेले नाही. पण तुमच्या दप्तरात कुणाची वही असेल तर आज, जेवायच्या आधी, ज्याची त्याच्या घरी नेऊन द्या. आणि ही कुणाची असे कोणी विचारले, तर कितीही भीती वाटली तरी नाव सांगा. माझ्या मालकिणीचे नाव फरीदा नूरमहंमद शेख. ते आता माझ्यावर कुठेही लिहिलेले नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.