तीन कोटेशनांचा फ्यूज

कोपरीच्या त्र्यंबकरावांची पस्तीस वर्षं एका कंपनीच्या खरेदी खात्यात गेली. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय तिथे खराटासुद्धा फाटकाच्या आत आला नाही, असं ते येताजाता सांगत. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहून उगाच पालेभाजीवर पाणी मारू लागत.

तर यांच्या गाडीचा हॉर्न गेला. फ्यूज उपसून पाहिला, आतली तार जळालेली. मुलगा सलिल राहायला कोलशेतला. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं, की हॉर्न बंद असताना गाडी जागची हलवायची नाही. रविवारी संध्याकाळी मी येतो, तोवर हॉर्न वाजला तर गाडी तुमची. पण तशीच बाहेर काढलीत तर किल्ली मी घेऊन जाणार. एकाहत्तराव्या वर्षी त्र्यंबकरावांच्या मर्जीने चालणारी अशी ती एकच वस्तू घरात उरली होती. ते मुकाट्याने बरं म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. बायकोने, हेमाताईंनी, रिक्षा सुचवून पाहिली. पण वस्तू घ्यायची तर नमुना सोबत हवा, आणि इथे नमुना म्हणजे अख्खी गाडी, असा त्यांचा हिशेब. जळका फ्यूज हेमाताईंच्या पर्समध्ये होता, तो त्यांनी नमुन्यात धरला नाही.

कोपरीतल्या दुकानदाराने निळा फ्यूज काढून काउंटरवर ठेवला. दहा रुपये. त्र्यंबकरावांनी भाव विचारला, वहीत टिपला आणि निघाले. कोलशेतला सलिलच्या टॉवरचा रस्ता टाळून, लांबचा वळसा घेऊन दुसरं दुकान गाठलं. तिथेही दहाच. मग शीळ रस्त्याने थेट डोंबिवली, मानपाडा. वाटेत कोणी आडवं आलं की हेमाताई खिडकीतून मान बाहेर काढून "अहो, सरका हो जरा" म्हणत. लोक निमूट सरकत. हॉर्नला इतका मान कधी मिळाला नव्हता.

मानपाड्याच्या दुकानात मात्र त्र्यंबकरावांना हवं ते सापडलं. निळा पंधरा अँपिअरचा दहाला, आणि हिरवा तीस अँपिअरचा, तोही दहालाच.

"काका, तो नका नेऊ. वायर जळेल, पण हा जळायचा नाही," दुकानदार म्हणाला.

"जळणारा माल मी आजवर घेतलेला नाही," त्र्यंबकराव म्हणाले आणि हिरवा घेतला.

घरी येऊन त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. हिरवा आत दाबणार, तोच हेमाताईंनी जळका फ्यूज त्यांच्यासमोर धरला.

"हा निळा होता. मॅचिंग सेंटरमध्ये निळ्या ब्लाउजला हिरवं अस्तर दिलं तर मी परत करते."

"अगं, इथे रंगाचा काय संबंध?"

"झाकणावर पंधरा लिहिलंय, चष्मा लावा," त्या म्हणाल्या आणि पर्समधून कोरा करकरीत निळा फ्यूज काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी सकाळी कोपरीतच घेतला होता. हे वहीत भाव टिपत होते तेव्हा. मग दिवसभर बोलली का नाहीस, असं यांनी विचारलं. तुम्ही तिसऱ्या कोटेशनाशिवाय घेतला असता का, असं त्यांनी विचारलं. खरेदी खात्याने निळा फ्यूज आत दाबला.

हॉर्न वाजला. पाच वाजता आलेल्या सलिलनेही दोनदा वाजवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, बाबा, जिंकलात. गाडी राहू द्या.

इथे गप्प बसायचं होतं. हेमाताईंनी चहाचा कप पुढे करून डोळ्यांनी तसं बजावलंही. पण पस्तीस वर्षांचं कौशल्य असं मुकं कसं राहावं?

"पहिल्या दुकानात घेऊन मोकळा झालो नाही मी," त्र्यंबकराव म्हणाले. "कोपरी, कोलशेत, मानपाडा. तीन कोटेशनं. वही दाखवू?"

सलिलने कप खाली ठेवला.

"मानपाड्याला कसे गेलात?"

हेमाताई छताकडे बघू लागल्या. सलिलने हात पुढे केला. त्र्यंबकरावांनी खिशातून किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

"नेतोस तर ने," ते म्हणाले, "पण मिळाल्याची पोच लिहून दे."