बगळ्यावरचा माणूस

“हाच ना गं तुझा करकोचा?”

“बगळा आहे तो,” ती म्हणाली. “आणि माझा नाही.”

छताला तारांनी टांगलेला तो अवाढव्य पक्षी वडील मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत होते. तिनेही पाहिलं. पोटाखालची पिसं निघाली होती आणि आतला पिवळा फोम दिसत होता. लहानपणी धुक्याच्या गावातल्या याच बगळ्याच्या गोष्टी वाचताना ती जेवायचं विसरायची. त्या मालिकेचे सातही भाग तिला तोंडपाठ होते. पुढे त्यावर सिनेमे निघाले, आणि आता त्या सिनेमांचा स्टुडिओ लोकांना तिकीट लावून दाखवत होते. भिंती थर्माकोलच्या, मेणबत्त्या विजेच्या; कौतुक तेवढं अस्सल. चाळिशीतले बाप्ये सिनेमातल्यासारखे राखाडी झगे घालून त्या भिंतींवरून हात फिरवत होते आणि डोळे पुसत होते.

‘एकेकाला घरी काही कामधंदा आहे की नाही?’ तिच्या मनात आलं.

ती टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या ऐकून गोड बोलायचं, हा तिचा धंदा. सुट्टीच्या दिवशी तरी गोड बोलायची तिची तयारी नव्हती.

आणि या माणसाशी तर मुळीच नाही. ती अकरा वर्षांची असताना तो घर सोडून गेला होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जायचा, तिथल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर दुसऱ्या गावी संसार थाटून बसला. वाढदिवसाला फोन यायचा, तोही कधी एक दिवस आधी, कधी एक दिवस नंतर. गेल्या वर्षी ती बाई वारली आणि मग याला लेक आठवली. रिकामं घर खायला उठलं की माणसाला रक्ताची नाती बरोबर सापडतात.

“तिकिटं काढलीत,” त्याने फोनवर सांगितलं होतं. “तुझ्या त्या धुक्याच्या गावाची. तुला कबूल केलं होतं ना, सिनेमा निघाला की दाखवीन म्हणून!”

आई म्हणाली, “जाऊन ये. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर मला नावं ठेवू नकोस.”

म्हणून ती आली होती. त्याच्या हिशेबी लेक अकराव्या वर्षीच थांबली होती. फाटकाशीच त्याने तिला राखाडी झगा घेऊन देऊ केला होता. तिने नुसतं पाहिलं, तसा त्याने तो परत टांगून ठेवला.

“ठमे, हे बघ, राणीचं सिंहासन!”

“लाकूड आहे. वर सोनेरी रंग.”

“ठमे, ही जादूची विहीर!”

“दोन फूट खोल आहे. तुम्ही नका वाकू, चष्मा पडेल.”

तो हसायचा आणि पुढच्या दालनाकडे निघायचा. त्या हसण्याचाच तिला जास्त राग येत होता. भांडला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या दालनात हिरव्या पडद्यापुढे एक बुटका बगळा ठेवला होता. त्यावर बसायचं, मग समोरच्या मोठ्या पडद्यावर आपण ढगांतून उडताना दिसतो.

“बस ना गं,” वडील म्हणाले.

“मी? वेड लागलंय का?”

“मग मी बसतो. तू बघ.”

आणि तो खरोखरच चढला. अंगात हिरवागार स्वेटर. कॅमेऱ्यामागच्या मुलीने बटण दाबलं आणि दालनभर हशा पिकला. मागचा हिरवा पडदा पुसून तिथे ढग भरणाऱ्या त्या यंत्राने स्वेटरही पुसून टाकला होता. ढगांतून एक टक्कल, दोन हात आणि एक पॅंट बगळ्यावर बसून चालली होती. छातीतून धुकं आरपार वाहत होतं.

“आजोबा गायब!” झगेवाला एक जण ओरडला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

चढताना चष्मा खिशात घातल्यामुळे वडिलांना पडदा नीट दिसत नव्हता. लोक खूश आहेत एवढंच त्यांना कळलं. ते गर्दीत तिला शोधत हात हलवत होते; पण नेमके भलत्याच बाईकडे बघून.

ती पुढे झाली. “हसायला काय झालं?” तिने झगेवाल्याला विचारलं. “स्वतःचं ध्यान बघितलंय का आरशात? पडदा नेसून आलायत.”

टाळ्या थांबल्या. कॅमेऱ्यावरची मुलगी घाईने म्हणाली, “काका, स्वेटर काढता? परत घेऊ.”

“राहू दे, राहू दे,” वडील उतरले. “झालं की. मजा आली.”

बाहेर बस थांब्यावर दोघं बाकावर बसली. त्याची बस उलट्या बाजूने जाणारी होती, पण तिला बसवून मगच जाईन म्हणाला.

“मी वाचतोय ती पुस्तकं,” तो एकदम म्हणाला. “तिसरा भाग चाललाय. सवय नाही, जरा सावकाश होतं. ती पोरगी बापाला शोधत फिरते ना... सापडतो का गं शेवटी?”

“सापडतो.”

“मग?”

तिने रस्त्याकडे पाहिलं. “ती त्याला ओळख दाखवत नाही. बगळ्यावर बसते आणि निघून जाते.”

त्याने चष्मा काढून स्वेटरला पुसला. मग म्हणाला, “बरोबर आहे तिचं.”

पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात ती पोरगी बापाशी चकार शब्द बोलत नाही, पण सरकून त्याला आपल्यामागे जागा करून देते. बगळा दोघांना घेऊन उडतो. तिला ते पान अजून पाठ होतं. आणि हा सावकाश वाचणारा माणूस आज ना उद्या त्या पानावर पोचणार होता.

सांगावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात बस आली.

ती चढली. दार मिटायला लागलं, तसा त्याने जन्मभराच्या सवयीने लिफ्टचं धरावं तसं ते तळव्याने धरून ठेवलं. ती पायरीवर उभी होती.

“ओ काका,” ड्रायव्हर खेकसला, “हात काढा!”

त्याने हात काढला.