बंद करू नये

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एका विद्यापीठात, गणित विभागाच्या जिन्याखालच्या कपाटात चौदा वर्षे कोंडलेला आहे. दारावर कागद आहे : 'बंद करू नये. – वीगांट.'

आमच्या विभागाचे गणिताचे सॉफ्टवेअर साऱ्या जगाला फुकट खुले आहे. माणसांनी लिहिलेला त्याचा सोर्स कोड घ्यायचा आणि त्यातून चालणारा प्रोग्राम बांधून द्यायचा, हे माझे काम. पहिल्याच वर्षी एकदा बांधणी मध्येच अडली. त्या दिवशी आमचे प्रोग्रामर हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) वीगांट यांचा वाढदिवस होता आणि इकडच्या रीतीप्रमाणे त्यांनीच सगळ्यांसाठी आलुबुखाराचा केक आणला होता. एका हातात केकची बशी धरून त्यांनी दुरुस्तीची एक छोटी फाइल थेट माझ्या पोटात ठेवली आणि तिला 'आलुबुखार' असे नाव दिले. "सोर्समध्ये उद्या घालतो," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

त्यानंतर मी कधीच अडलो नाही. माझे फार कौतुक झाले. बाहेरचे लोक मात्र कळवत, "आमच्याकडे बांधणी होत नाही हो!" वीगांट हसून सांगत, "आमच्याकडे तर होते बुवा. तुमचंच काहीतरी चुकतंय." खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते. खोट्या कौतुकात अडकण्यासारखी कोंडी नाही, मित्रांनो.

यंदा ही कोंडी येल्काच्या गळ्याशी आली. येल्का हार्म्स ही आमची संशोधक विद्यार्थिनी. तिचा पाच वर्षांचा प्रबंध याच सॉफ्टवेअरवर उभा होता. परगावच्या परीक्षकबाईंनी कळवले, की शुक्रवारपर्यंत त्यांच्या संगणकावर बांधणी झाली नाही, तर प्रबंध परत जाईल.

"इथे होतंय ना? मग झालं तर," वीगांट म्हणाले.

"अहो हेर वीगांट, इथे होतंय हेच तर दुखणं आहे!" येल्का कडाडली. "या म्हाताऱ्याने पोटात काहीतरी दडवलंय. आता याला कोऱ्या जागेत बसवते. सोर्सखेरीज काही म्हणता काही हाताला लागू द्यायचं नाही."

तिने बांधणी सुरू केली. आयुष्यात प्रथमच आपल्याला अपयश यावे म्हणून मी आसुसलो होतो. तिसऱ्या मिनिटाला मी अडलो.

"'आलुबुखार' सापडत नाही," येल्काने पडद्यावरचे वाचले. "हे काय आणि?"

वीगांटांनी वाकून पडद्यावरचे नाव पुन्हा वाचले. "माझा केक," ते पुटपुटले. "अरे देवा! चौदा वर्षं मी लोकांनाच वेड्यात काढत होतो."

फाइल त्याच दुपारी सोर्समध्ये गेली. गुरुवारी परीक्षकबाईंचा निरोप आला : बांधणी झाली. येल्का जिन्यावर बसून रडली आणि वीगांटांनी तिच्यापुढे रुमाल धरला.

आता बांधणी कुठल्याही संगणकावर होते, म्हणून आज त्यांनी दारावर नवा कागद लावला आहे : 'बंद करायला हरकत नाही.' येल्काचा हात माझ्या बटणाकडे येतो आहे. मित्रांनो, हाताने केलेली दुरुस्ती त्याच दिवशी लिहून ठेवत जा. ती सांभाळायला एखाद्या मुक्याला कोंडून घालू नका. मला भीती वाटते आहे, खोटे कशाला सांगू? पण कपाटाचे दार उघडे आहे.