दुसरी रेष कुठं गेली?

बंद पडलेल्या त्या सिनेमागृहात सकाळी दहा वाजताच पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या पडद्याच्या जागी पांढरी चादर ताणली होती. तिच्यापुढं टेबल, टेबलावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यातलं चित्र चादरीवर एवढं मोठं की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही चष्म्याशिवाय दिसावं. चित्रात बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी होती, मलेरिया तपासायची. तिच्यावर दोन लाल रेषा. टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या रक्तात रोग आहे, असा त्याचा अर्थ.

टेबलामागं बसलेल्या महाराजांनी डोळे मिटले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले. मग नवी पट्टी घेऊन त्याच बोटाला पुन्हा टोचलं. पंधरा मिनिटं सगळे श्वास रोखून चादरीकडे बघत राहिले. नव्या पट्टीवर रेष उमटली. एकच.

"गेली," म्हातारा म्हणाला आणि रडायलाच लागला. त्याच्यामागं अख्खं सभागृह रडू लागलं.

मला मात्र रडू आलं नाही, मस्तकात तिडीक गेली. एकोणीस वर्षं मी आरोग्य केंद्रात लोकांचं रक्त तपासते. सगळे मला टोचाबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. या महाराजांचं नाव मी खोडरबर ठेवलं होतं.

"ही पट्टी माझी नाही," खोडरबर माइकवर सांगत होता. "ती बनवली सातासमुद्रापलीकडच्या शास्त्रज्ञांनी. मोठमोठ्या देशांनी पैसे घालून तुमच्यापर्यंत पाठवली. मी तर शाळेचं तोंडसुद्धा नीट पाहिलेलं नाही. मग ती माझ्यासाठी खोटं का बोलेल? विज्ञान रोग दाखवतं, बाबांनो. घालवतं का? केंद्रात जाऊन विचारा, किती जणांची रेष गेली?"

टाळ्या पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती, आणि तिच्या मांडीवर माझी सहा वर्षांची भाची होती.

त्याचं दुकान कशाच्या जोरावर चाललं होतं ते सांगते, कारण त्यात आमचाही हात आहे. तीन दिवस गोळ्या घेतल्या की मलेरियाचे जंतू मरतात. पण त्यांनी रक्तात सोडलेला कचरा महिनाभरसुद्धा राहतो, आणि आमची पट्टी तो कचराच पकडते. म्हणून ठणठणीत बऱ्या झालेल्या माणसाच्याही दोन रेषा येत राहतात. खोक्यातल्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. चार भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आठ घड्या घालून. आम्ही लोकांना काय सांगितलं? भिंतीवर चित्र लावलं: दोन रेषा वाईट, एक रेष चांगली. संपलं. लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला यायचे, दोन रेषा बघायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, गोळ्या कुचकामी आहेत.

माझी बहीणही तशीच आली होती, पोरीला एक दिवस गोळ्या दिल्यावर. हट्टच धरला, म्हणून पुन्हा तपासलं.

"ताई, अजून दोन आहेत."

"असतात. गोळ्या संपव."

"मग गोळ्यांनी झालं काय?"

"अगं, बाहेर चाळीस माणसं खोळंबलीत. जा आता."

माझं शहाणपण एवढंच. दोन मिनिटं काढून समजावलं असतं तर माझ्या तोंडाची वाफ काही संपली नसती. ती तिथून उठली ती थेट खोडरबराकडे गेली. त्यानं एक रेष दाखवली आणि उरलेल्या गोळ्या 'विषाचा त्याग' म्हणून मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायला लावल्या. पहिल्या दिवसाच्या गोळ्यांनी ताप उतरलाच होता. श्रेय कोणाला मिळालं हे सांगायला नको. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

सहाव्या दिवशी ताप परत आला. बहिणीच्या शेजारणीनं मला केंद्रात येऊन सांगितलं तेव्हा मी हातातलं काम टाकून आधी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. मग सिनेमागृहात, आणि गर्दीतून वाट काढत तिसऱ्या रांगेशी पोचेपर्यंत म्हाताऱ्याचा तो खेळ आटोपला होता.

पोरीच्या कपाळाला हात लावला तर तवा तापल्यासारखं लागलं. डोळे अर्धवट मिटलेले. मावशी म्हणून हाक मारायचंही भान तिला नव्हतं.

"उठ," मी बहिणीला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता केंद्रात."

"हा दुसरा ताप आहे. महाराज म्हणाले."

"पोरगी हातची जाईल."

"तुझीच पट्टी ना ती, ताई? तुझ्याकडे दोन आल्या, यांच्याकडे एक आली. विश्वास कोणावर ठेवायचा, सांग." ती शांतपणे बोलत होती, आणि पोरीला तिनं घट्ट आवळून धरलं होतं.

तेवढ्यात खोडरबरानं तिलाच टेबलाशी बोलावलं. मीही मागोमाग गेले आणि पहिल्यांदा त्याचे हात जवळून पाहिले. लोक चादरीकडे बघत होते. मी चादरीकडे पाठ केली.

त्यानं पोरीच्या बोटाला टोचलं. रक्ताचा टपोरा थेंब आला, तो त्यानं सगळ्यांना दाखवला. मग "अशुद्ध रक्त आम्ही स्वीकारलं" असं म्हणत पांढऱ्या रुमालानं पुसून घेतला. केवढे गहिवरले लोक! नंतर रक्त उचलायची बारीक नळी बोटाला टेकवल्यासारखी केली, पट्टीच्या भोकाला टेकवल्यासारखी केली आणि वर बाटलीतल्या औषधाचे चार थेंब टाकले. रक्त पडलं की ते थेंब पट्टीवर गुलाबी होऊन सरकतात. एकोणीस वर्षांत मी हे हजारो वेळा पाहिलंय. ही पट्टी कोरीकरकरीत पांढरी होती.

"महाराज, यात रक्त कुठंय?" मी माइकजवळ तोंड नेऊन विचारलं.

तो हसला. "ताई, रक्त सूक्ष्म रूपानं गेलंय. चर्मचक्षूंना दिसायचं नाही."

"मग टोचलंत कशाला? तेही सूक्ष्म रूपानंच टोचायचं."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. दोन धट्टेकट्टे सेवक माझ्या दिशेनं निघाले. मी कॅमेऱ्यासमोरून हललेच नाही. "मी यांचीच पट्टी घेते, यांचीच बाटली घेते," मी लोकांना म्हणाले. "पंधरा मिनिटं द्या. मी खोटी ठरले तर उद्यापासून केंद्रात पाऊल टाकणार नाही."

"बघू द्या की तिला," तो रडणारा म्हातारा म्हणाला. "महाराज खरे आहेत ना, मग भ्यायचं कशाला?"

सेवक थांबले. मी दोन नव्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीवर कोणाचंच रक्त टाकलं नाही. नुसते बाटलीतले चार थेंब. दुसरीसाठी म्हाताऱ्याचा हात मागितला. त्याचं बोट टोचलं, थेंब नळीत घेतला, भोकात सोडला, वर चार थेंब. चादरीवर सगळ्यांना दिसलं: एक पट्टी पांढरीच राहिली, दुसरीवर गुलाबी लोंढा सरकत गेला.

ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. खोडरबर अपवित्र हातांबद्दल, अहंकाराबद्दल, परदेशी कटाबद्दल बोलत राहिला. परदेशी शास्त्रज्ञ घटकेपूर्वी त्याचे साक्षीदार होते, आता ते कटात सामील झाले होते. मी फक्त भाचीचा श्वास मोजत होते.

मग रेषा उमटल्या. म्हाताऱ्याच्या पट्टीवर दोन. बिनरक्ताच्या पट्टीवर ठळक, सुरेख, एक.

"ही एक रेष कोणाची?" मी विचारलं. "कोणाचीच नाही. या बाटलीला मलेरिया नाही, अभिनंदन. पहिली रेष नेहमीच येते. पट्टी चालू आहे, एवढंच ती सांगते. दुसरी यायला रक्त लागतं. यांनी तुमचं रक्त पट्टीवर पडूच दिलं नाही. रोग आहे तिथंच आहे. रुमालात गेली ती तुमची दुसरी रेष."

माझी बहीण उठली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटली. तिच्यामागं मी, आणि माझ्यामागं निम्मं सभागृह. खोडरबराला चोप द्यायला काही जण मागं राहिले होते, पण तो पडद्यामागच्या दारानं केव्हाच सटकला होता. पुढं पोलिसांना तो शेजारच्या गावात सापडला. तिथंही त्यानं चादर बांधून ठेवली होती.

केंद्रात डॉक्टरीणबाईंनी भाचीला पाहिलं आणि लगेच सुई लावली. सांगून टाकते, पोर वाचली. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं बाईंनी नंतर कबूल केलं. बहीण खाटेशी भिंतीला टेकून बसली होती. "तेव्हा सांगितलं असतंस तर, ताई," एवढंच ती म्हणाली.

बाहेर माझ्या टेबलापुढं रांग लागली होती. डब्यात गोळ्या टाकलेले सगळे, कोणी मान खाली घालून, कोणी चिडून. मी नवीन गोळ्या देत होते, आणि या वेळी प्रत्येकाला पुरतं समजावत होते: रेष महिनाभर राहील, घाबरायचं नाही, गोळ्या तीन दिवस पुऱ्या घ्यायच्या, ताप परत आला तर इथं यायचं.

रांगेत पलीकडच्या गल्लीतली इस्त्रीवाली होती. तिची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "कोणासाठी?"

"गोळ्या नकोत," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. माझ्या मुलाला मी तिकडंच नेलं होतं. एकच रेष आली. आम्ही पेढ्यांसारखी बातमी वाटली सगळीकडं. सोमवारी तो गेला." तिनं पदर नीट केला. "त्या पट्टीत त्याचं रक्त नव्हतंच का?"

खोटं बोलावंसं वाटलं. एकोणीस वर्षांत इतकं कधीच वाटलं नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून दिली.

म्हणून हे लिहितेय. कोणी तुमच्यासमोर चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी त्याच्या हातांकडे बघा. तेच पुन्हा करून दाखव म्हणा, तुमच्या माणसाच्या हातून, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि आमच्याकडे आलात, आम्ही उत्तर द्यायला कंटाळलो, खेकसलो, तर उठून जाऊ नका. पुन्हा विचारा. आम्ही सांगेपर्यंत विचारा. त्या बाईला हा प्रश्न आधी विचारता आला असता, तर तो मुलगा आज रांगेत तिच्याशेजारी उभा असता.